भुरीचे खांदे

बालमित्रांनो, जरा आपापल्या हातांकडे बघा पाहू. गृहपाठ लिहिणारे, बॅट धरणारे, पतंगाचा मांजा ओढणारे हे हात. आजीनं पाय चेपायला बोलावलं की हेच हात कसे एकदम दुखायला लागतात, तेही मला ठाऊक आहे! तर या हातांना येणाऱ्या एका कामाची गोष्ट आज सांगते. आमच्या घरी ते काम एका कुत्रीसाठी झालं.

मी राहते मालेगावला. थांबा, यंत्रमागांचं, नाशिककडचं मालेगाव ते वेगळं. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. जुन्या कागदांवर त्याचं नाव मालेगाव जहाँगीर. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा आम्ही अकोल्याचे वाशिमचे झालो. अकोल्याहून वाशिमला जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो. शेतात सोयाबीन, तूर आणि थोडी कपाशी. शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल, तर तेही आमच्याच तालुक्यातलं.

तीन वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा सहावीत. शाळेतून येताना तिला एका बंद टपरीखाली कुत्री दिसली. भुरकट रंगाची, हाडं मोजून घ्यावीत अशी. तिच्या गळ्यात तार रुतली होती. रानडुकरांसाठी कुठंतरी लावलेल्या फासाची ती तार असावी. ओढून ओढून कुत्री सुटली, पण तार गळ्यातच राहिली. मुलगी घरी आली ती रडतच. मग तिचे बाबा आणि आणखी दोघं गेले, पोतं टाकून कुत्रीला धरलं आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंडाला पट्टी बांधून तार कापली, जखम धुतली, रेबीजची लस टोचली आणि आम्हांला बजावलं, "आधी जखम भरू द्या. लाड मागून."

जखम पंधरा-वीस दिवसांत भरत आली. भीती मात्र भरून येईना.

तुम्ही घाबरलेलं कुत्रं पाहिलंय का? भुंकणारं, अंगावर येणारं नव्हे, खरोखर घाबरलेलं. भुरी (हे नाव मुलीनंच ठेवलं) दिवसभर गोठ्यात कुटाराच्या ढिगामागे बसून असायची. कुणी झाडू उचलला की अंग चोरायची. ताट पडलं की थरथर सुरू. ट्रॅक्टर आला की डोळ्यांतला पांढरा भाग दिसायचा. आपण समोर असेपर्यंत भाकरीला तोंड लावायची नाही. रात्री झोपेतसुद्धा तिचे खांदे ताठ. हात लावायचा तर प्रश्नच नव्हता. आम्ही तसा प्रयत्नही केला नाही.

अशात एक दिवस शेजारचं दोन-अडीच वर्षांचं लेकरू दुडूदुडू धावत थेट गोठ्यात गेलं. भुरीनं दात दाखवले, गुरगुरली. लेकराला धक्कासुद्धा लागला नाही. पण त्याची आई किती घाबरली असेल, सांगा. त्या रात्री घरात सभा भरली. सासूबाई म्हणाल्या, "हे कुत्रं एखाद्या दिवशी लेकरायले चावीन. दिवाळीलोक पाहा. नाही सुधरलं, तं वावरात नेऊन सोडा." (आमच्याकडे 'लोक' म्हणजे 'पर्यंत' आणि वावर म्हणजे शेत, बरं का!) सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. लेकरांची काळजी आधी. पण वावराच्या कडेला फास असतात, हे मुलीला ठाऊक होतं. ती जेवली नाही.

मग पोळा आला.

विदर्भातल्या मुलांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर बैलांच्या मानेवर जू असतं. जिथं जू घासतं तिथली कातडी जाड होते, कधी सुजते. त्या दिवशी बैलांना आंघोळ घालतात आणि मानेला, खांद्याला हळद आणि तूप लावून पळसाच्या पानानं शेकतात, चोळतात. मग बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." म्हणजे आधी मालीश, मग निमंत्रण, मग पुरणपोळी. इतका मान तर घरच्या जावयालाही मिळत नसेल!

माझे सासरे, म्हणजे मुलीचे आबा, हे काम अजून स्वतः करतात. घाई नाही. बैलाच्या बाजूला उभं राहायचं, आधी नुसता हात ठेवायचा. बैल हलला तर हात तिथंच थांबवायचा. मग हळूहळू वर-खाली. थोड्या वेळानं बैलाची मान खाली येते, डोळे अर्धे मिटतात, खालचा ओठ सैल पडतो. मुलीनं विचारलं, "आबा, याला कळतं का तुम्ही काय करताय ते?" आबा म्हणाले, "मुक्या जनावराले सांगता येत नाही कुठी दुखते ते. हातानं इचारा लागते."

आणि तेव्हाच आम्ही पाहिलं. भुरी कुटाराच्या ढिगामागून बाहेर आली होती. बैलापासून चार-पाच हातांवर ती पोट टेकून बसली होती आणि आबांच्या हाताकडे एकटक बघत होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. आम्हांलाही खुणेनं 'पाहू नका' म्हणाले. बैल शेकून होईपर्यंत भुरी बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मुलीनं ठरवलं, भुरीलाही हातानं विचारायचं.

आता तुम्हांला वाटेल, लगेच मालीश सुरू झालं. छे! पहिले आठ-दहा दिवस मुलगी फक्त गोठ्यात जाऊन बसायची. समोर नाही, बाजूला, भुरीकडे अंग तिरकं करून. हातात अभ्यासाचं पुस्तक. कुत्र्याच्या भाषेत समोरून टक लावून बघणं म्हणजे दटावणी असते. नॉर्वेतल्या तुरीद रुगास या कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाईंनी कुत्री एकमेकांना 'शांत हो' असं कसं सांगतात, याचा फार बारकाईनं अभ्यास केला आहे. मान वळवणं, जीभ पटकन नाकावरून फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, अशा खुणा त्यांनी नोंदवल्या. हे वाचल्यावर आम्ही भुरीकडे बघू लागलो, तर काय! ती दिवसभर काहीतरी बोलतच होती. आपण जवळ गेलो की जांभई. आम्हांला वाटायचं, आळशी आहे.

एका संध्याकाळी भुरीनं स्वतःहून मुलीचा गुडघा हुंगला. त्या दिवशी मुलीनं हाताची पाठ पुढे केली, डोक्यावरून नाही, खालून, छातीकडे. दोन-तीन सेकंद हात फिरवला आणि काढून घेतला. हा हात काढून घेणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हात काढला की कुत्रं उत्तर देतं. जवळ सरकलं, अंग टेकवलं, तर 'अजून' म्हणतंय. मान फिरवली, अंग आखडलं किंवा उठून गेलं, तर 'आज पुरे'. भुरी त्या दिवशी उठून गेली. मुलीच्या वहीत नोंद आहे, "तीन सेकंद. गेली." पुढच्या पानावर, "तीन सेकंद. गेली. पण हळू गेली."

ती वही अजून माझ्याकडे आहे. गणिताच्या वहीची उरलेली पानं ती.

हळूहळू सेकंदांची मिनिटं झाली. हात कसा फिरवायचा ते सांगते. पंजा सपाट ठेवायचा, केस ज्या दिशेनं पडतात त्याच दिशेनं, मानेच्या बाजूनं खांद्याकडे आणि खांद्यावरून पाठीकडे. सावकाश. एखादी मांजर उन्हातून चालत जाते ना, तितकं सावकाश. आपण लाडात येऊन कुत्र्याला थापट्या मारतो, केस विस्कटतो. त्यानं ते खेळकर होतं, शांत होत नाही. पोट, पंजे, शेपूट यांच्या वाटेला जायचं नाही. गळ्यावरच्या वणाजवळ तर अजिबात नाही. आणि तुमच्या ओठांवर आलेल्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकते: तेल कुठलं? कुठलंच नाही! कुत्रं अंग चाटतं, जे लावाल ते पोटात जाणार. बाम, कापूर, सुगंधी तेलं तर कुत्र्याला बाधतात. बैलाची हळद आणि तूप बैलाकडेच राहू द्यायचं.

मग मला लिंडा टेलिंग्टन-जोन्स या बाईंबद्दल वाचायला मिळालं. त्या मूळच्या कॅनडातल्या, घोड्यांच्या शिक्षिका. १९७० च्या दशकात त्यांनी माणसांच्या हालचालींवर काम करणाऱ्या मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे शिक्षण घेतलं आणि तीच समज घोड्यांना लावून पाहिली. पुढे कुत्री-मांजरं, इतर प्राणीही आले. त्यांची पद्धत मोठी गमतीची आहे. जनावराच्या अंगावर घड्याळाची तबकडी आहे असं समजायचं. बोटांची टोकं सहाच्या आकड्यावर ठेवायची, कातडी हलकेच सरकवत एक पूर्ण गोल काढायचा आणि पुन्हा सहावरून पुढे नवाच्या आकड्यापाशी थांबायचं. म्हणजे सव्वा गोल. मग बोटं उचलून दुसऱ्या जागी. स्नायू दाबायचा नाही, कातडी तेवढी हलवायची. आधी स्वतःच्या गालावर करून बघा, किती कमी जोर लागतो ते कळेल. मुलीनं आधी माझ्या गालावर केलं. तिसऱ्या गोलात मला जांभई आली, आणि ती झोपेचीच होती.

या सव्वा गोलातच काही जादू आहे का? मला नाही तसं वाटत. सावकाश, एकसारखा, अंदाज बांधता येईल असा स्पर्श, यात खरी गोष्ट आहे. भेदरलेल्या जिवाला पुढं काय होणार हे कळत नसतं, म्हणून तो सारखा तयारीत असतो. हात पुढं कुठं जाणार हे कळलं की तयारी सुटते.

शास्त्रज्ञांनी याच्या आसपास बरंच शोधून ठेवलंय. फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्ग नावाचा दलदलीचा प्रदेश आहे, तिथं घोडे कळपानं राहतात. घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी, खांद्याजवळ दातांनी खाजवतात. क्लॉडिया फे आणि द माझिएर यांनी त्याच जागी हातानं खाजवून बघितलं, तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावले. दुसऱ्या जागी खाजवलं, तर तसा फरक पडला नाही. हे त्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलं. वाचून मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "मंग! खांदाच शेकतो आपण, शिंगं थोडीच शेकतो?"

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या आयांवर लक्ष ठेवलं. काही आया पिलांना खूप चाटतात, काही कमी. ज्या पिलांना जास्त चाटलं गेलं, ती मोठी झाल्यावर संकटात कमी भेदरतात, असं त्यांना १९९७ मध्ये दिसलं. भुरीची आई कशी होती, तिला किती दिवस आईजवळ राहायला मिळालं, हे आपल्याला कळायचं नाही.

आणि टेंपल ग्रँडिन! या अमेरिकन बाईंची हकीकत मुलीला सगळ्यांत आवडली. त्या स्वमग्न आहेत. लहानपणी कुणी मिठी मारली तर त्यांना सहन व्हायचं नाही, पण दाबून धरल्याची भावना हवीहवीशी वाटायची. शाळेत असताना त्या ॲरिझोनात मावशीच्या गुरांच्या फार्मवर गेल्या. लस टोचताना गुरांना दोन फळ्यांच्या मधे हलकेच दाबून धरत. बावरलेलं वासरू त्या फळ्यांत काही वेळा एकदम शांत होई. ते पाहून या मुलीनं स्वतःसाठी तसंच लाकडी यंत्र बनवलं. पुढे त्या प्राध्यापक झाल्या आणि गुरांना भीती वाटू नये असे गोठे आणि वाटा त्यांनी आखून दिल्या. आम्ही यातून एक कल्पना घेतली. आबांचं जुनं, धुऊन मऊ झालेलं उपरणं भुरीच्या छातीवरून घेऊन पाठीवर सैलसर बांधायचं, आत दोन बोटं सहज जातील इतकं. पहिल्यांदा ती पुतळ्यासारखी उभी राहिली, म्हणून लगेच सोडलं. चार-पाच दिवसांनी उपरणं बांधून ती झोपली.

आश्विन संपत आला. गावात फटाक्यांची दुकानं लागली.

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत. आपल्याला ऐकूच न येणारं बरंच काही त्यांच्या कानांवर आदळत असतं. दिवाळीत भेदरलेली कुत्री दोरी तोडून पळतात आणि गाडीखाली येतात. आमच्या घरापासून मोठा रस्ता काही लांब नाही. शिवाय सासूबाईंची मुदत होतीच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उजेड असतानाच भुरीला फिरवून आणलं. मग धान्याच्या खोलीत पोती रचून एक कोपरा केला, खिडकीला गोधडी लावली, पंखा मोठा केला. मुलगी तिथंच बसली. पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि भुरी पोत्यांमागे घुसली. मुलीनं ओढलं नाही. बाहेर तिच्या मैत्रिणी फुलबाज्या घेऊन हाका मारत होत्या, तरी ती बसून राहिली. बऱ्याच वेळानं पोत्यांमागून नाक आलं, मग डोकं, मग सगळी भुरी येऊन तिच्या मांडीला टेकली. मुलीनं खांद्यावर हात ठेवला. सावकाश, मानेकडून पाठीकडे. मोठा आवाज झाला की हात थांबायचा, उचलायचा नाही, नुसता ठेवून द्यायचा. भुरी थरथरत होतीच. थरथर थांबली असं मी सांगणार नाही.

मी दारातून आत बघत होते. तेवढ्यात माझ्या मागून सासूबाई आल्या. हातात भाकरीचा तुकडा, दुधात भिजवलेला. त्यांनी तो मुलीकडे दिला. मुलीनं भुरीसमोर ठेवला. भुरीनं हुंगला. बाहेर लड सुरू होती. तिनं तुकडा खाल्ला.

फार भेदरलेलं जनावर खात नाही, मुलांनो. सासूबाईंनी जन्मभर गुरं सांभाळली आहेत, त्यांना ते माझ्याआधी कळलं. "खाल्लं," एवढंच म्हणाल्या आणि पणत्यांत तेल घालायला गेल्या. वावरात सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता एक गोष्ट जरा दरडावूनच सांगते, आणि आई-बाबांनीही वाचावी. हे सगळं भुरीसोबत झालं ते ती आमच्या घरात आल्यावर, लस टोचल्यावर, मोठी माणसं जवळ असताना. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला मालीश करायला जाऊ नका. जेवणाऱ्या, झोपलेल्या, पिलांजवळच्या कुत्र्याला तर मुळीच हात लावू नका. कुत्रं चावलं किंवा नुसता दात लागून ओरखडा आला, तरी लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. रागावतील म्हणून घरी लपवायचं नाही. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर औषध चालत नाही. लस त्याआधीच घ्यावी लागते. आणि कुत्रं लंगडत असेल, कुठं सूज असेल, अंग तापलं असेल, तर चोळत बसू नका, पशुवैद्याकडे न्या. आमच्या भागात मोठं दुखणं निघालं तर लोक अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत नेतात. हातानं भीती थोडी उतरते, मोडलेलं हाड जुळत नाही.

भुरी आज कशी आहे? मळणीयंत्र सुरू झालं की अजूनही कुटारामागे जाते. अनोळखी माणसानं काठी टेकवत येऊ नये, असं तिचं ठाम मत आहे. शेजारचं ते लेकरू आता बालवाडीत जातं. ते आलं की मुलगी मधे बसते आणि लेकरू तिच्या शेजारून भुरीच्या खांद्यावर 'एक, दोन, तीन' म्हणत हात फिरवतं आणि काढून घेतं. भुरी बहुतेक वेळा थांबते. एखाद्या दिवशी उठून जाते, तेव्हा लेकरूच ओरडून सांगतं, "आज पुरे म्हंते!"

मुलगी आता नववीत आहे. संध्याकाळी भुरीची दहा मिनिटं ठरलेली आहेत, आणि त्यानंतर आबांच्या गुडघ्यांची. आबांची त्यावर तक्रार आहे. "पाहून घ्या," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "या घरात आधी कुत्रीचा नंबर, मंग बुढ्याचा."